पायवाले ग्लास

वाइनचा वास आला की मला आजही मळमळतं. आता नाशिकला वाइनचं गाव म्हणतात. साखरपुड्याला वाइन, वाढदिवसाला वाइन. भाचेसुना 'घ्या हो मामी, द्राक्षाचीच तर आहे' म्हणत ग्लास पुढे करतात आणि मी पदर नाकाला लावते. त्यांना वाटतं, म्हातारी सोवळी आहे. सोवळी, आणि मी! दारूचं मला काही वावडं नाही. मला किळस आहे ती एका रविवारच्या संध्याकाळची, आणि ती काही केल्या जात नाही.

ऐंशीचं दशक निम्म्याहून जास्त सरलं होतं. आमचे हे ओझरच्या बाजूला एका कारखान्यात होते, नुकतेच अधिकारी झालेले. मी शाळेत शिकवत होते. नाशकातल्या द्वारका चौकापासून जरा आत, एका नव्या कॉलनीत आम्ही छोटं घर बांधलं होतं. आम्ही बौद्ध. बाहेरच्या खोलीत समोरासमोर दोन तसबिरी होत्या, आणि त्या पाहिल्या की हे घर कुणाचं हे नाशकात कुणाला विचारावं लागत नाही.

घरात सासूबाई होत्या. निफाडकडच्या खेड्यात त्यांनी सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत मजुरी केली. बागेत तहान लागली की मालकीण वरून पाणी ओतायची आणि ह्या खाली ओंजळ धरायच्या. हे त्या रडत सांगायच्या नाहीत. पावसापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगायच्या. पण पोरानं घर बांधल्यापासून त्यांच्या मनानं एकच घेतलं होतं. ह्यांच्या कारखान्यातले साहेब लोक एकदा तरी आपल्या घरी, आपल्या हातचं जेवून गेले पाहिजेत. कॉलनीत राहून आम्हाला काही वर्षं झाली होती आणि आमच्या समाजाबाहेरचं कुणी आमच्याकडे पानावर बसलं नव्हतं. येत सगळे. दारात उभे राहत, 'आत्ताच चहा झालाय' म्हणत आणि जात. नाशिकभर सगळ्यांचा चहा नेमका आमच्याकडे यायच्या आधी कसा होतो, हे कोडं मी सासूबाईंपुढे कधी काढलं नाही.

अशात ह्यांचे एक वरिष्ठ साहेब ट्रेनिंगसाठी युरोपात राहून आले. येताना नाद घेऊन आले, वाइन चाखण्याचा. प्यायची नाही हं, चाखायची. त्यांनी कारखान्याच्या बसमधल्या चार-पाच अधिकाऱ्यांना गोळा केलं आणि ठरवलं की भिशीसारखी पाळी लावायची. दर महिन्याला एकाच्या घरी जमायचं, प्रत्येक जोडप्यानं एक बाटली आणायची, यजमानानं शिवाय जागा आणि खाणं बघायचं. म्हणजे कुणाच्या खिशाला चाट नाही आणि हौसही होते. आमच्या ह्यांना त्यात घेतलं होतं. हे त्या दिवशी बसमधून उतरून घरापर्यंत जवळजवळ पळत आले.

पहिली पाळी साहेबांच्याच बंगल्यावर झाली. बाटल्यांना वर्तमानपत्रं गुंडाळून ठेवली होती, कुठली कुठली ते कळू नये म्हणून. ग्लासात चमचाभर ओतायची, ग्लास गोल फिरवायचा, त्यात नाक खुपसायचं, मग घोट घेऊन तो गालातल्या गालात खुळखुळवायचा आणि एका बादलीत थुंकायचा. साहेब म्हणाले, जाणकार गिळत नाहीत. सकाळी मोरीवर चूळ भरताना आमचा शेजारी जो आवाज काढायचा तोच आवाज इथे चांगले शिकलेसवरलेले लोक सोफ्यावर बसून काढत होते. थुंकीच्या तारा हनुवटीला लोंबत होत्या आणि वर 'वा, काय गंध आहे' चाललं होतं. मला शिसारी आली. पण म्हटलं, असेल बाबा, साहेबलोकांची तऱ्हा.

त्या संध्याकाळचं दुसरंही माझ्या नीट लक्षात आहे. साहेबांकडे सगळ्यांना पुरतील एवढे ग्लास नव्हते, म्हणून काहींच्या हातात स्टीलचे पेले होते. थोड्या वेळानं कुणाचा ग्लास कुणाच्या हातात, काही पत्ता राहिला नाही. सगळे हसत होते, 'अहो, तो माझा उष्टा आहे' म्हणत होते आणि तरी पीत होते. दोन वाइनच्या मध्ये घटाघटा पाणी पिणं चाललं होतं. बाईसाहेबांनी कोथिंबीर वडी केली होती, ती ताटंच्या ताटं संपली. शेवटी घरकाम करणाऱ्या बाईनं थुंकीची बादली उचलून नेली. ती कुठली, कोण, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

आमची पाळी आली तेव्हा ह्यांच्या अंगात संचारलं. घराला रंग देण्याइतकी ऐपत नव्हती, तर ह्यांनी निदान दर्शनी भिंतीला स्वतः चुना लावला. माझ्या जुन्या वायलच्या साडीचे पडदे झाले. कुठल्याशा मासिकात ह्यांनी वाचलं होतं की वाइनबरोबर चीज लागतं. चीज तेव्हा डब्यातून मिळायचं आणि तो डबा दुकानात लांबून बघावा असाच होता. मी म्हटलं, 'खारे शेंगदाणे ठेवू.' सासूबाई आतून म्हणाल्या, 'शेंगदाने? पाव्हन्याला? मी पाटवड्या करते. आन मटनाचा रस्सा, भाकरी. नुसत्या दारूवर मानसं धाडायची का घरी?'

'आई, ती दारू नाही, वाइन आहे.'

'द्राक्षं नासवूनच करत्यात ना? मंग दारूच हाय. आन थुकायची म्हनतेस. घामाची द्राक्षं नासवायची आन थुकायची. लय शानी मानसं.'

बोलायच्या असं, पण आठवडाभर त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. आपली बहीण वणीकडे दिलेली, तिला त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडला, की रविवारी माझ्या पोराकडं सायेब लोक जेवायला हायेत. मसाला स्वतः भाजला, पाट्यावर वाटला. मिक्सर नको म्हणाल्या.

थुंकायला काय ठेवायचं, हा प्रश्न आम्हा दोघांत निघाला. मी म्हटलं न्हाणीतली बादली ठेवू. हे म्हणाले, शोभत नाही. मग ह्यांची नजर सासूबाईंच्या तांब्याच्या घंगाळावर गेली. माहेरहून आलेली तेवढी एकच वस्तू त्यांच्याजवळ होती. आंघोळीचं पाणी त्या त्यातच घ्यायच्या. हे नुसतंच म्हणाले, 'आई, घंगाळ लागेल पाहुण्यांना.' कशाला, ते सांगायला जीभ रेटली नसावी. सासूबाईंनी चिंच आणि राख लावून ते असं घासलं की त्यात तोंड दिसावं. त्यांना वाटलं, जेवणानंतर पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालायला हवं असेल. त्यांच्या लेखी घंगाळ आणखी कशाला लागणार होतं?

ग्लासांचं मात्र अचानक सोपं झालं. मी शेजारीपाजारी विचारत होते, तेवढ्यात भाजीबाजारात साहेबांच्या बाईसाहेब भेटल्या. मेथीची जुडी निवडत म्हणाल्या, 'अहो, ग्लासच्या खर्चात पडू नका हं तुम्ही. आम्ही आपापले आणू. उगाच कशाला तुम्हाला भुर्दंड!'

मला केवढं बरं वाटलं! किती समजूतदार बाई आहे, असं मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, 'बघ, मी म्हणत नव्हतो? माणसं चांगली आहेत.' आम्ही दोघंही शिकलेले, आम्ही दोघंही खूश.

रविवारी उन्हं कलायच्या आतच सगळे आले. रंग दिसायला उजेड लागतो म्हणून ही वेळ. चार जोडपी. प्रत्येकाच्या हातात एक बाटली आणि एक पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले ग्लास. उंच पायांचे, नाजूक, काचेला टिचकी मारली तर वाजतील असे. ही मंडळी सतरंजीवर बसली, पिशव्यांतून ग्लास निघाले आणि प्रत्येकानं आपला ग्लास आपल्या गुडघ्याजवळ ठेवला. त्या दिवशी शेवटपर्यंत कुणाचा ग्लास कुणाच्या हातात गेला नाही. मी ते बघत होते आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

चाखणं सुरू झालं. ह्यांनी आणलेली बाटली द्वारकेजवळच्या दुकानातली होती, दुकानदाराच्या खिडकीत उन्हाळाभर तापलेली. ती उघडल्याबरोबर आमच्या खोलीत सडक्या चिंचेसारखा वास पसरला. बाकीच्या बाटल्याही काही अमृताच्या नव्हत्या. पण सगळे नाकं खुपसत होते, माना डोलावत होते. खुळखुळ, खुळखुळ आणि पच्. घंगाळात पहिला घोट पडला तेव्हा तांब्यावर त्याचा आवाज झाला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नवं लुगडं, एका हातात पाण्यानं भरलेला तांब्या, खांद्यावर धुतलेला पंचा. जेवणं झाली की हातावर पाणी घालायला लागलीच बाहेर यावं, म्हणून त्या तयारीतच होत्या. त्यांनी पाहिलं. तांब्या खाली ठेवला आणि आत जाऊन पाटवड्यांचं ताट घेऊन आल्या.

पाटवड्या काय झाल्या होत्या! वरून खोबरं, कोथिंबीर, खसखस. ताट त्यांनी आधी साहेबांपुढे धरलं.

'घ्या सायेब.'

'नको मावशी,' साहेब हसून म्हणाले, 'वाइनबरोबर काही खाल्लं की जिभेची चव बिघडते.'

ताट पुढच्यांकडे गेलं. 'नको, आम्ही उशिरा जेवलोय.' त्याच्या पुढे गेलं. 'माझं पोट जरा ठीक नाही.' तिसरीनं नुसते हात जोडले, देवळातून बाहेर पडताना भिकाऱ्याला जोडतात तसे. ताट सगळीकडे फिरून परत सासूबाईंजवळ आलं. एक वडी उचललेली नव्हती.

तेवढ्यात बाईसाहेबांनी पर्स उघडली, बिस्किटांचा पुडा काढला आणि तो सगळ्यांमध्ये फिरवला. सगळ्यांनी घेतली. उशिरा जेवलेल्यांनी घेतली, पोट ठीक नसलेल्यांनी दोन घेतली.

सासूबाई अजून उभ्याच. म्हणाल्या, 'पानी तरी घ्या.'

'पाणी अजिबात चालत नाही मावशी,' साहेब म्हणाले. 'वाइन आणि पाणी, नाहीच.'

तेव्हा माझ्या डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं. आपापले ग्लास. भुर्दंड. मेथीची जुडी. तिडीक उठली. मी म्हटलं, 'मागच्या वेळी तुमच्याकडे तर चाललं होतं. कोथिंबीर वडीही चालली होती, पाणीही.'

खोलीत कुणी खुळखुळलं नाही. ह्यांनी मान खाली घालून बाटलीचं वर्तमानपत्र वाचायला घेतलं. बाईसाहेबांनी मात्र पदर सारखा केला आणि मला समजावून सांगितलं, 'अहो, त्या दिवशी व्हाइट होती. आज रेड आहे ना!'

आणि ती सगळी माणसं हसली. सुटल्यासारखी हसली. जणू काही बाईंनी फार मोठं शास्त्र सांगितलं होतं. मग पुन्हा घोट, पुन्हा खुळखुळ, पुन्हा घंगाळात पच्. मी बघत राहिले. आमच्या घरचं पाणी ह्यांच्या तोंडात जाऊ शकत नव्हतं. ह्यांच्या तोंडातलं मात्र आमच्या घरात, माझ्या सासूच्या माहेरच्या घंगाळात खुशाल पडत होतं. ते भरत होतं. लालसर, वर फेस, बिस्किटांचा भुगा तरंगतोय. ह्या माणसांच्या नोकऱ्या मोठ्या, घरं मोठी, साहेबांनी तर अर्धं जग पाहिलेलं. आणि जाऊन आले कुठे, तर आपल्या आजोबांच्या ओसरीपर्यंत. मला खरंच ओकारी येत होती.

घंगाळ भरत आलं तसं साहेब इकडेतिकडे बघू लागले. कुणीतरी उचलावं असं ते बघणं होतं. मी जागची हलले नाही. मनात म्हटलं, आज हे असंच भरू दे, वाहू दे, ह्यांच्या पँटींवर सांडू दे. पण सासूबाई पुढे आल्या, वाकल्या.

'आई, ठेवा ते,' मी म्हटलं. 'त्यांचं ते बघतील.'

'पाव्हने हायेत गं,' त्या म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी ते उचलून सांभाळून मागच्या दारी नेलं. त्यांच्यावर मी त्या दिवसाइतकी कधी रागावले नव्हते. आणि त्या दिवसाइतकं कुणाच्या पाया पडावंसंही वाटलं नव्हतं.

मग मी काय केलं, तर ग्लास गोळा केले. कुणी काही म्हणायच्या आत, हातातून काढून घ्यावेत तसे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आमच्या माठातलं पाणी काढलं, एकेक ग्लास त्या पाण्यानं आतून बाहेरून विसळला आणि सासूबाईंच्या पंचानं पुसला. ताटात मांडून आणून त्यांच्यापुढे ठेवले. 'घ्या,' म्हटलं, 'स्वच्छ झाले.'

एकही हात पुढे आला नाही. बाईसाहेब म्हणाल्या, 'अय्या, धुतलेत कशाला! असू द्या आता इथेच. पुढच्या वेळी नेऊ.' रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घातल्या गेल्या. चपला पायात सरकल्या. 'छान झाला हं कार्यक्रम,' असं साहेब ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले आणि सगळे गेले. स्वयंपाकघरात रस्सा उकळून उकळून आटला होता. भाकऱ्यांची चळत फडक्याखाली गार झाली होती.

सोमवारी ह्यांनी ते ग्लास पिशवीत घालून बसमध्ये नेले आणि संध्याकाळी तसेच परत आणले. साहेब म्हणाले होते, असू द्या हो तुमच्याकडेच. पुढच्या पाळीचं आम्हाला बोलावणं आलं नाही. भिशी बंद पडली असं ह्यांना सांगण्यात आलं. बंद पडली नव्हती. बसमध्ये मागच्या बाकावर बसून ह्यांना सगळं ऐकू यायचं. घरी आले की हे नुसते भिंतीला लावलेला चुना नखानं खरवडत बसायचे.

सासूबाईंनी घंगाळ तीनदा घासलं, त्यात पाणी तापवून ओतलं आणि पुन्हा आंघोळीला घेतलं. 'घंगाळ माझं हाय,' म्हणाल्या, 'थुकी तेंची. गेली वाहून.' ग्लासांचं मात्र त्यांना जमेना. एकदा मी त्यातल्याच एका ग्लासात त्यांना पाणी दिलं. म्हटलं, एवढे सुंदर ग्लास, आपण का वापरू नयेत? त्यांनी तोंड फिरवलं.

'ह्यात नको. उष्टे हायेत.'

'धुतलेत आई. मी स्वतः धुतलेत.'

'तरी नको. किळस येते मला. टाकून दे.'

मला त्या वेळी आनंद झाला, खोटं कशाला सांगू? उकिरड्यावर टाकावी अशी चीज असेल तर ती ही, असं त्यांच्या तोंडून ऐकायला माझे कान आसुसले होते. मी ग्लास पिशवीत भरले आणि पिशवी दाराशी ठेवली, भंगारवाल्याची हाळी आली की द्यायची म्हणून.

त्याच दुपारी वणीकडची त्यांची बहीण आली. म्हातारी दमून भागून आली होती. पाणी प्याली, पाय पसरले आणि पहिलाच प्रश्न, 'काय गं, आलते का सायेब लोक? जेवले का?'

मी भाजी निवडत होते. माझा हात थांबला. सासूबाईंनी बहिणीचा रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, 'जेवले तर! पोटभर जेवले.'

'रस्सा खाल्ला?'

'रस्सा काय, पाटवड्या काय. मागून मागून खाल्ल्या. ती मोठी बाई इचारत व्हती, मावशी, मसाला कसा करता.'

बहिणीनं डोळ्याला पदर लावला. 'आपल्या हातचं,' एवढंच म्हणाली.

'मंग! हे बघ,' असं म्हणून सासूबाई उठल्या. दाराजवळची पिशवी उघडली, त्यातला एक ग्लास पायाला धरून काढला आणि बहिणीच्या हातात दिला. 'हे तेंचेच. जेवनाच्या नादात इसरून गेले.'

बहिणीनं तो ग्लास उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला. मी खाली मान घालून भाजीची देठं मोडत राहिले. बहीण संध्याकाळच्या गाडीनं गेल्यावर सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'नको टाकू गं ते. फळीवर ठेव.'

मी एकेक ग्लास काढला आणि पालथा घालू लागले.

'पालथे नको,' त्या म्हणाल्या. 'येणाऱ्याला दिसतील असे ठेव.'

त्या होत्या तोवर ते ग्लास तसेच त्या फळीवर होते. आम्ही कुणीही त्यातून कधी पाणी प्यालो नाही. दर शनिवारी मी ते पुसायची, आणि पुसताना दर वेळी श्वास रोखून धरायची.